देवाला सोडलेला घोडा

माझ्या वडिलांचा आवाज म्हणजे काय विचारता! पुण्याहून गाडी येऊन चिंचवड स्टेशनात थांबली की बाहेर टांगेवाल्यांचा एकच गलका उडायचा. त्या सगळ्या गलक्यातून आबांचा पुकारा सरळ फलाटावर पोचायचा. "चला, गावात चला, गणपतीला चला!" आईला त्याची लाज वाटायची. मला मात्र शाळेतून येताना तो आवाज लांबून ऐकू आला की बरं वाटायचं. आबा आहेत, टांगा आहे, म्हणजे आज पायपीट नाही, एवढाच हिशोब.

आमचा घोडा तांबडा होता. डाव्या कानाचं टोक फाटलेलं. आबा त्याला नावानं हाक मारत नसत, सरकार म्हणत. टांगा जोडायची त्यांची एक तऱ्हा होती, आणि ती बघायला गाडीतून उतरलेले लष्करातले जवानसुद्धा थांबायचे. आबा टांग्याचे दोन्ही दांडे उचलून धरायचे आणि तिथूनच ओरडायचे, "या सरकार, मागं या." घोडा आपण होऊन वळायचा, आबांकडे पाठ करायचा आणि एकेक पाऊल मागे घेत बरोबर दोन दांड्यांच्या मधे येऊन उभा राहायचा. मग मान खाली घालून साजाची वाट बघायचा. लगामाला हात नाही, चाबूक नाही, नुसता आवाज. लोक टाळ्या वाजवायचे. मीही वाजवायचे, आणि हे आपल्या बापाचं आहे म्हणून इकडेतिकडे बघायचे.

मग एसटी आली. आधी लोक हसले, धूळ उडवत जाणाऱ्या त्या डब्यात कोण बसणार म्हणाले, आणि मग सगळे तिच्यातच बसायला लागले. पिंपरीकडे कारखाने उभे राहू लागले होते. माणसं मिळेनात तेव्हा आबांनी टांग्याची गादी काढली आणि तिथल्या बांधकामावर विटा, चुना, लोखंडाच्या कांबी असलं काहीबाही वाहायला सुरुवात केली. टांगा माणसांचा, घोडा माणसांचा. त्याला ते ओझं झेपेना. साज पाठीवर घासून घासून जखम झाली. आबा तिच्यावर हळद दाबायचे आणि वरून पुन्हा साज चढवायचे. चंदीतला, म्हणजे त्याच्या रोजच्या खुराकातला, हरभरा आधी निम्मा झाला, मग नुसता कोंडा उरला. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. पण घरात भाकरीचेच वांधे होते, तेव्हा घोड्याचं कोण काढणार?

माझं लग्न चाकणच्या पलीकडच्या एका गावात ठरलं. माणसं शेतकरी, कांद्याचं रान, दोन बैल, घरचं कुलदैवत निमगावचा खंडोबा. विहीणबाईंना एसटीच्या थांब्यापासून मांडवापर्यंत टांग्यातूनच न्यायचं अशी आबांची हौस. आईनं तिच्या जुन्या शालूची झूल शिवली, हिरवी, पिवळ्या काठांची. त्या दिवशी सकाळी मी हळदीच्या अंगानं मागच्या दारी गेले आणि झुलीचं टोक सहज उचलून बघितलं. खालची जखम ओली होती आणि तिच्यावर माश्या होत्या. मी टोक परत खाली सोडलं आणि नीट ताणून बसवलं. वर काठ सरळ केले. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली म्हणून आत गेले. मग सासूबाई त्याच टांग्यातून थाटात आल्या, सबंध वाटभर ती झूल डोळ्यांसमोर ठेवून.

पहिल्या दिवाळीला माहेरी गेले तर गोठा रिकामा. आबा म्हणाले, "सरकारांना देवाला सोडलं. दसऱ्याला पूजा केली, झूल घातली, निमगावच्या खंडोबाला नेलं, भंडारा लावला आणि मोकळं केलं. जन्मभर राबलं जनावर. आता देवाचं झालं." बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. ते नाटक नव्हतं, हे मी आजही सांगते. देवाला वळू सोडतात हे सगळ्यांना ठाऊक, पण टांगेवाल्यानं आपला घोडा सोडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. त्यामुळे गल्लीत आबांची वाहवा झाली. खाटकाला विकला असता तर चार पैसे तरी मिळाले असते, पण हा माणूस बघा, असं लोक म्हणत होते. झुलीखाली काय होतं हे गल्लीत कुणी विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

उलट सासरी परत आल्यावर विहिरीवर मी हे तिखटमीठ लावून सांगितलं. मी तोंडाची फटकळ आणि त्यात नवी सून. शेतकऱ्यांच्या घरात टांगेवाल्याची लेक म्हणून जरा खालीच बघतात असा माझा समज होता, तेव्हा माहेरचा मोठेपणा सांगायची संधी मी कशाला सोडते? "आमच्या आबांनी घोडा खंडोबाला वाहिला," असं मी येईल त्याला ऐकवलं. सासूबाईंना तर दोनदा.

आणि चंपाषष्ठीच्या सकाळी तो घोडा आमच्या कांद्याच्या रानात येऊन उभा राहिला.

आधी मामंजींनी बघितला. माझ्या सासऱ्यांना मी मामंजी म्हणायचे आणि सासूबाईंना आत्याबाई, तशी रीतच होती. मामंजी धापा टाकत आले. "अगं, घोडा आलाय रानात. कपाळाला भंडारा हाय!" चंपाषष्ठीचा दिवस, घरात तळी भरायची तयारी चाललेली, आणि दारात भंडारा लावलेला घोडा. आत्याबाईंनी हातातलं वांगं तिथंच टाकलं. पाण्याचा तांब्या घेतला, घोड्याच्या पायांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं, वाकून नमस्कार केला. "देव आला गं दारी," म्हणाल्या. मी ताट धरून त्यांच्या मागे उभी होते. घोड्याच्या फासळ्या दिसत होत्या, गुडघे सुजले होते, खूर वाढून फाकले होते. डाव्या कानाचं टोक फाटलेलं. पाठीवर हिरवी झूल, तिचे पिवळे काठ चिखलानं काळे पडलेले.

आत्याबाईंनी देवाच्या घोड्याची मळकी झूल काढून धुवावी म्हणून ती ओढली. ती निघेना. जोरात ओढली तेव्हा घोडा थरथरला, मागच्या पायांवर बसायला लागला. झूल पाठीला चिकटली होती. मामंजींनी कोमट पाणी आणवलं आणि ती भिजवत भिजवत सोडवली. खालून जो वास आला त्यानं आमचा बैलसुद्धा मान फिरवून उभा राहिला. जखमेत किडे होते.

आत्याबाईंनी नाकाला पदर लावला आणि वाकून जखम बघितली. मग त्यांनी तोंड सोडलं. "कुनाचं हे पुण्य म्हनायचं? वरनं भंडारा आन् खाली किडं! जनावर पोसवंना तर मारून टाकायचं हुतं एका घावात. देवाच्या नावानं झाकून सोडलंय मुडद्यानं!" त्यांचा आवाज वाढत गेला, शेजारपाजारचे गोळा झाले. जो तो त्या अज्ञात माणसाला शिव्या घालू लागला. मी हातातलं ताट खाली ठेवलं. मी विहिरीवर मिरवलेला घोडा आणि हा सांगाडा एकच, असं कुणाच्या मनात आल्याचं दिसलं नाही. लोक माझ्याकडे बघत नव्हते, तरी मला वाटत होतं की सगळ्या गावाची नजर माझ्या तोंडावर आहे. धरणी दुभंगावी म्हणतात ना, तसं.

नंतर झूल कुठं गेली मी बघितलं नाही. आत्याबाई ती उचलून आत घेऊन गेल्या, एवढंच दिसलं.

घोडा ठेवून घ्यायचा हे कुणी ठरवलं नाही, तो राहिलाच. पण त्या घरानं आजवर फक्त बैल सांभाळले होते. मामंजींनी त्याच्यापुढे सरकीची पेंड ठेवली. आत्याबाई संध्याकाळभर त्याच्या तोंडाकडे बघत बसल्या आणि काळजीनं म्हणाल्या, "ह्यो रवंथ करत न्हाई. लई दुखनं हाय आत कुठंतरी." तो उभ्याउभ्या झोपला तर त्यांना वाटलं, याला आता खाली बसायचीही ताकद उरली नाही. त्यांनी मामंजींना हाताशी घेऊन त्याला बसवायचा खटाटोप केला. मला हसू यायला हवं होतं, पण मला रडू आलं. ज्यांचं काही देणंघेणं नाही ती माणसं चुका करत का होईना, पण झटत होती.

शेवटी मामंजी म्हणाले, "सूनबाई, तू टांगेवाल्याची पोर. तू सांग आता काय करायचं ते."

मग मी सांगायला लागले. पेंड बंद करा. कडबा बारीक कापून, लसूणघास थोडा थोडा, हरभरा भिजवून मूठभरच, एकदम पोटभर नको, उपाशी घोड्याला पोटभर घातलं तर तो मरतो. किड्यांसाठी सीताफळाचा पाला वाटून लावायचा, मग कडुलिंबाच्या पाण्यानं धुवायचं. नालबंद बोलावून खूर कापून घ्यायचे, पण नाल इतक्यात ठोकायचे नाहीत. एवढं कुठल्याही टांगेवाल्याच्या मुलीला ठाऊक असतं. पण मी त्याहून जास्त सांगत होते. तो उजवीकडून हात लावू देत नाही, डावीकडून जा. लोखंडी बादलीतलं पाणी तो पीत नाही, दगडी डोणीत द्या. हे मी "मला आपलं वाटतं" असं म्हणून सांगायचे. मामंजी तसं करून बघायचे आणि दर वेळी ते बरोबर निघायचं. "हुशार हाय पोरगी," ते शेजाऱ्यांना सांगायचे. त्यांचं प्रत्येक कौतुक मला चापट मारल्यासारखं लागत होतं.

जखम धुवायचं काम मी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. मी गेले की घोडा माझ्या पदरात तोंड खुपसायचा. चिंचवडला असताना मी पदरात भाकरीचा तुकडा बांधून आणायचे, तो हुडकायचा. तो अजून हुडकत होता. कुणी बघत असलं की मी त्याचं तोंड ढकलून द्यायचे, जणू नवखं जनावर अंगचटीला येतंय. तो परत यायचा. आबांचा मला इतका राग यायचा की बोलायची सोय नाही. त्या रागाच्या भरात मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडायचे, आणि मधेच मला माझ्याच हातानं ताणून बसवलेले ते पिवळे काठ आठवायचे. मग भांडण तिथंच थांबायचं.

हिवाळा संपला, उन्हाळा गेला. जखम आटत आटत बरी झाली, पण तिथं तांबडे केस परत आले नाहीत, तळहाताएवढा पांढरा डाग राहिला. एका सकाळी तो आपण होऊन उकिरड्याजवळच्या धुळीत आडवा झाला, चारी पाय वर करून मनसोक्त लोळला, आणि उठून अंग झाडलं. मामंजी धावत सुटले, त्यांना वाटलं पोटात कळ आली. मी ओरडले, "काही नाही, काही नाही, तो खुशीत आहे!" आत्याबाईंनी त्या दिवशी त्याच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. पुढे तो मोकळाच फिरायला लागला, आणि मामंजींनी विहिरीवर जायचं म्हटलं की त्यांच्या मागे निघायचा. त्याला कामाला जुंपायचा विषय त्या घरात कधी निघाला नाही.

मग श्रावण आला आणि पंचमीला मला न्यायला आबा येणार असा निरोप आला.

दिवाळीनंतर ते पहिल्यांदाच येत होते. मला रात्रंदिवस एकच घोर लागला. आबांनी घोडा बघितला तर काय, आणि त्यांनी बघितल्याचं या लोकांनी बघितलं तर काय? विहिरीवर मिरवलेलं माझं माहेर त्याच विहिरीवर धुतलं जाणार होतं. ज्या दिवशी ते यायचे होते त्या सकाळी मी घोडा लांबच्या रानात नेऊन बाभळीला बांधून आले. बांधायची सवय मोडली होती त्याची. तो माझ्याकडे बघत राहिला.

आबा चाकणहून चालत आले. कायम टांग्यात बसून मान ताठ ठेवणारा माणूस, पायांत धुळीनं भरलेल्या वहाणा, हातात आईनं दिलेल्या लाह्यांचं गाठोडं. ते आता पिंपरीला एका बांधकामावर मुकादमाच्या हाताखाली होते. बारीक झाले होते. आवाज मात्र तोच. ओसरीवर बसून त्यांनी रामराम केला तो चार घरांना ऐकू गेला असेल.

मी चहा करायला आत गेले. तेवढ्यात मामंजी मागच्या बाजूनं घोड्याला घेऊन आले. कुणीतरी बांधून घातलाय, पाण्यावाचून ठेवलाय, म्हणून त्यांनीच त्याला सोडून आणला होता. अंगणात आणून मोठ्या हौसेनं म्हणाले, "पाव्हणं, तुमी घोड्यातलं मानूस. बघा बरं आमचं जनावर. मेल्यालं आलं हुतं आमच्याकडं. तुमच्या लेकीनं उठवलं ह्याला."

मी दारात येऊन थांबले. आबांनी घोड्याकडे बघितलं. कान बघितला. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं रक्त उतरलं, पण माणूस सवयीनं बोलतोच. ते नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "चांगलं हाय की जनावर. कुनाचं म्हनायचं?"

घोड्यानं कान टवकारले. मग तो वळला. त्यानं आबांकडे पाठ केली आणि एकेक पाऊल मागे घेत, अंगण ओलांडत, सरळ ओसरीपाशी आला, आबांच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर थांबला आणि मान खाली घालून उभा राहिला. मागे टांगा नव्हता. नुसते आबा होते, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर तो पांढरा डाग. साज चढवतील म्हणून घोडा वाट बघत होता.

आबांनी हात उचलला. तो डागापर्यंत गेला आणि तिथंच अधांतरी राहिला, त्यांना तो टेकवता आला नाही. मामंजींनी एकदा आबांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मग जमिनीकडे. "शिकवल्यालं जनावर हाय," एवढंच म्हणून ते बैलांना वैरण टाकायला निघून गेले. वैरण आधीच टाकलेली होती.

मी आत आले तर चहा उतू गेला होता. आत्याबाईंनी पातेलं खाली घेतलं होतं आणि त्या कप पुसत होत्या. मी म्हणाले, "आत्याबाई, तो घोडा..."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "त्याच दिशी वळखली म्या झूल. तुझ्या लग्नात सबंध वाट तीच बघत आले हुते की."

"मग बोलला का नाहीत?"

"आधी तोंडाला येईल ते बोलले, मग झूल धुताना काठ दिसलं. मग काय बोलायचं? तुझा बाप त्यो." कप माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "जा, पाव्हण्यांना चहा दे. निवंल."

म्हणजे चंपाषष्ठीपासून श्रावणापर्यंत मी ज्यांच्यापासून लपवत होते त्यांना सगळं ठाऊक होतं. मी घोड्याचं तोंड ढकलून द्यायचे तेही त्यांनी बघितलं असणार. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी उलट बोलले असते आणि मोकळी झाले असते. त्यांनी तीही सोय ठेवली नव्हती.

गाव मागे पडलं, चाकणची वाट लागली. मग आबा म्हणाले, "तू त्यांना सांगितलं न्हवतंस?"

"नाही."

"बरं केलंस."

त्या "बरं केलंस"नं मला जितकं मेल्याहून मेल्यासारखं झालं तितकं त्या अंगणातही झालं नव्हतं. वाटलं होतं की आता बापावर मनसोक्त ओरडावं. पण ते माझं गाठोडं डोक्यावर घेऊन पुढे चालले होते आणि त्यांची पाठ वाकली होती. मी मागून चालत राहिले.

आबा त्यानंतर आमच्याकडे येत राहिले. पंचमीला, दिवाळीला, माझ्या बाळंतपणात. पण आमच्या वेशीच्या आत आल्यावर ते कुजबुजल्यासारखं बोलायचे. रामराम करायचे तेही ओठांतल्या ओठांत. आपला आवाज ऐकून घोडा पुन्हा पाठ करून समोर येऊन उभा राहील, याची त्यांना धास्ती होती. आमच्या मुलांना वाटायचं, आजोबांचा घसा बसलाय. स्टेशनातला तो पुकारा त्यांनी कधी ऐकलाच नाही.

घोडा आमच्याकडेच म्हातारा झाला आणि एका थंडीत गेला. मामंजींनी त्याला रानाच्या कडेला पुरला. आत्याबाईंनी पेटीतून ती झूल काढली, धुवून घडी घालून ठेवलेली, आणि त्याच्यावर पांघरली. या खेपेला तिच्याखाली झाकण्यासारखं काही नव्हतं.

पुढच्या पंचमीला आबा आले. ओसरीवर बसले आणि हळू आवाजात मुलांची चौकशी करायला लागले. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हणाले, "आबा, घोडा गेला. आता मोठ्यानं बोला."

त्यांनी गोठ्याकडे बघितलं. मान हलवली. "बरं," म्हणाले.

तेही इतकं हळू, की शेजारी बसलेल्या मामंजींना ते ऐकू गेलं नाही.